हवेतून नको

जयवंता खालच्या दुकानात ब्लाउज शिवायची आणि तिचा नवरा वरच्या खोलीत मशीनवर श्वास घ्यायचा. नागपुरात जरीपटक्याच्या बाजाराला लागून असलेल्या गल्लीत त्यांचं भाड्याचं घर होतं. खाली रस्त्याला तोंड करून शिलाईचं दुकान, मागून अरुंद जिना आणि वर दोन खोल्या.

धर्मेंद्र एसटीत ड्रायव्हर होता, काटोल डेपोला. नरखेड तालुक्यातल्या गावांमधून त्याने वर्षानुवर्षं गाडी चालवली. मग एका हिवाळ्यात गिअर टाकताना हात अडखळायला लागला. सुरुवातीला थंडीमुळे होत असेल असं वाटलं. नंतर चहाचा कप धरवेना. नागपूरच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. एकेक स्नायू निकामी होत जाणार, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहणार. गाव सोडून ते नागपूरला आले तेव्हा धर्मेंद्र काठी घेऊन चालत होता. आता त्याचे फक्त डोळे हलायचे. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली होती आणि ती नळी पलंगाशेजारच्या व्हेंटिलेटरला जोडलेली होती.

बोलणं डोळ्यांचं. वर पाहिलं की हो, मिटले की नाही. मोठं काही सांगायचं असलं तर त्यांची मुलगी भूमिका मुळाक्षरं लिहिलेली पारदर्शक शीट त्याच्यासमोर धरायची आणि तो ज्या अक्षराकडे पाहील ते मोठ्याने म्हणायची. असं एकेक अक्षर जोडून वाक्य होई. भूमिका मिहानमधल्या एका कारखान्यात कामाला होती. तिथे घराघरांत लागतात ते वायफायचे डबे बनायचे आणि ते नीट चालतात का हे तपासायचं काम तिचं होतं. सकाळची पाळी ती कारखान्यात असायची, आणि त्या वेळात धर्मेंद्र आणि दुकान दोन्ही जयवंतावर.

गिऱ्हाइकं वर येऊ शकत नव्हती. मशीन, टेबल, कपड्यांचे गठ्ठे वर मावत नव्हते. म्हणून व्हेंटिलेटर देणाऱ्या कंपनीने एक छोटा डबा दिला होता. त्याला बोटाएवढा अँटेना होता. तो डबा जयवंताच्या शिलाई मशीनशेजारी असायचा. वर धर्मेंद्रची नळी निसटली, कफ अडकला, वीज गेली, काहीही झालं की वरचं मशीन हवेतून खबर पाठवायचं आणि खालचा डबा किंचाळायचा. पहिलं वर्षभर तो बरोबर किंचाळला. जयवंता हातातली कात्री टाकून जिना चढायची.

मग गल्लीसमोर साड्यांचं मोठं शोरूम उघडलं. त्याने बिनवायरीचे कॅमेरे लावले. शेजारच्या मोबाइलवाल्याने नवीन वायफाय घेतलं, त्याच्या वरच्या मजल्यावरच्या कोचिंगवाल्याने त्याहून तगडं घेतलं. कोणाचंच काही चुकलं नव्हतं. पण खालचा डबा दिवसभर 'संपर्क तुटला' म्हणून ओरडायला लागला. जयवंता धावत वर जायची तर धर्मेंद्र शांत पडलेला असायचा. खाली येऊन सुई ओवते न ओवते तोच पुन्हा ओरडा. गुडघे दुखायला लागले. गिऱ्हाइकं कंटाळली. "काकू, तो डबा बंद करा न," असं एक मुलगी म्हणाली तेव्हा जयवंताने तिच्याकडे असं पाहिलं, की ती माप न देताच निघून गेली.

लग्नसराईत एका दुपारी बाजार तुडुंब भरला होता. सकाळपासून डबा सारखा ओरडत होता. जेवणवेळेनंतर तो गप्प झाला आणि त्यावरचा हिरवा दिवा लागला. हिरवा म्हणजे संपर्क ठीक. जयवंताला हायसं वाटलं. तिने नवरीच्या ब्लाउजची बाही घेतली आणि मशीन सुरू केली.

त्याच वेळी वर धर्मेंद्रला ठसका लागला होता. मान कलली आणि नळी गळ्यापासून निसटली.

भूमिका पाळी संपवून मागच्या जिन्याने थेट वर गेली, म्हणून तो वाचला. व्हेंटिलेटर उघड्या नळीतून हवा फेकत होतं, कर्कश वाजत होतं, आणि बाबांचा चेहरा जांभळा पडला होता. तिने नळी बसवली आणि ओरडली, "आई! आई वं!" खाली मशीन चालूच होती. शेवटी तिने खिडकीतून खाली तांब्या फेकला.

तांब्या दुकानाच्या पायरीवर आपटला आणि जयवंता वर आली. तिने बसवलेली नळी हाताने चाचपली. "डबा वाजला नाही," ती म्हणत राहिली. "हिरवा होता वं. मी पाहून राहिली होती. हिरवा होता."

धर्मेंद्र दवाखान्यातून परत आला त्या दिवशी भूमिकाने शीट धरली.  मग त्याने सुरुवात केली, आणि भूमिका एकेक अक्षर म्हणत गेली. "आवाज... येत... होता... शिवायच्या... मशीनचा."

म्हणजे त्या सगळ्या वेळात, श्वास कोंडलेला असताना, त्याला खालून बायकोची मशीन ऐकू येत होती.

जयवंता उठली. खाली गेली, शटर ओढलं आणि कुलूप लावलं.

त्यानंतर ती पलंगाजवळून हलेना. जेवण ताटात तसंच राहायचं. नळीच्या जोडावर तिची नजर खिळलेली असायची. कोणी दार वाजवलं तरी उठायची नाही. भूमिकाने कंपनीला फोन केला. कंपनीचा अंकित नावाचा इंजिनिअर आला. सभ्य होता, घाई न करता त्याने सगळं तपासलं.

"मशीनमध्ये दोष नाही," तो म्हणाला. "एरियात वायफाय फार झालं आहे. दिवा हिरवा असला तरी खबर गर्दीत हरवते. मी चॅनल बदलून देतो."

"अन् बेल लावायची सोय? साधी वायरची बेल?" जयवंताने विचारलं.

"या मॉडेलला नाही, काकू. हे फक्त हवेतूनच बोलतं."

चॅनल बदलल्यावर दोन-चार दिवस बरे गेले. मग कोचिंगवाल्याचंही चॅनल आपोआप बदललं आणि डबा पुन्हा ओरडायला लागला. भूमिकाने वर एक माइक ठेवून पाहिला, खाली स्पीकर. पण समोरच्या शोरूमचं गाणं, रस्त्यावरचे हॉर्न, कुकरची शिट्टी, सगळंच त्यातून यायचं. नेमका अलार्म त्यात विरून जायचा.

जयवंता एकदा दुकानादुकानांत जाऊन आली. हात जोडून म्हणाली, "भैय्या, थोडे दिन वायफाय बंद रखो. मेरा आदमी मशीन पे है." मोबाइलवाल्याने लगेच बंद केलं, तिच्या देखत. शोरूमवाला शेठ उठून उभा राहिला, तिला पाणी दिलं आणि म्हणाला, "बहनजी, कॅमेरे बंद किए तो माल जाएगा. नेट बंद तो धंदा बंद. क्या करूँ मैं?" त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. ती पाणी पिऊन परत निघाली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवाल्याचंही सुरू झालं. गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे कसे द्यायचे, हा त्याचा प्रश्नही खराच होता.

त्याच आठवड्यात धर्मेंद्रने शीट मागितली. म्हणजे शीट ठेवायची त्या खिळ्याकडे तो पाहत राहिला.

"ब," भूमिका म्हणाली. "बं. द. बंद. क. र. बंद कर. काय बंद करू, बाबा? पंखा?"

त्याने डोळे मिटले. नाही.

"टीव्ही?"

नाही.

"खिडकी?"  तिला कळलं होतं, पण कळलं नाही असं ती दाखवत होती. "उजेड येऊन राहिला का डोळ्यावर?"

धर्मेंद्रने व्हेंटिलेटरकडे पाहिलं आणि नजर तिथेच ठेवली.

जयवंता ताडकन उठली. "असं नोका म्हणू जी!" ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. "मी आहे न इथं. मी कुठं जाऊन राहिली का आता? दुकान गेलं चुलीत."

धर्मेंद्रने पुन्हा शीटकडे पाहिलं. "तु. झे. हा. ल," भूमिकाने वाचलं. पुढचं त्याने सांगितलं नाही. त्याच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी कानाकडे ओघळलं. ते जयवंताने पदराने टिपलं, कारण ते त्याला स्वतःला टिपता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात भूमिकाचं मन कामात नव्हतं. तिच्यासमोर नेहमीचीच मांडणी होती. दोन लोखंडी पेट्या, प्रत्येकीत एक वायफायचा डबा. दोन्हींचे अँटेना काढलेले आणि त्या जागी एक जाड काळी वायर एका पेटीतून दुसरीत गेलेली. कारखान्यात शेकडो डबे एकाच वेळी चालू असतात. हवेतून तपासायला गेलं तर सगळ्यांचा गोंधळ एकमेकांत मिसळतो. म्हणून तपासताना हवाच वगळायची. डबा तोच, भाषा तीच, फक्त ती वायरीतून न्यायची. हे ती रोज करत होती.

ती वायरीकडे पाहत राहिली. मग शेजारच्या टेबलावरच्या केयूरला म्हणाली, "केयूर, आमच्या घरच्या अलार्मचा अँटेना आट्याचा आहे. फिरवून निघतो."

केयूरला क्षणभर कळलं नाही. मग त्याने हातातलं काम ठेवलं. "दोन्हीकडचा?"

"दोन्हीकडचा."

"मग वायर टाक न," तो म्हणाला. "पण सरळ जोडू नको. हवेतून येता येता जो सिग्नल विरतो, तो वायरीतून पूर्ण ताकदीने येईल. कानाशी तोंड लावून ओरडलं की शब्द कळत नाही, तसं होईल." त्याने वरिष्ठांना विचारून सिग्नल कमी करणारे दोन पितळी तुकडे तिला दिले. अंगठ्याएवढे होते. वायरीच्या मध्ये ते बसवायचे.

तिने बाहेर येऊन अंकितला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चालेल की नाही, तर चालेल," तो म्हणाला. "पण मी हो म्हणू शकत नाही, मॅडम. उद्या काही झालं तर कंपनी जबाबदारी घेणार नाही."

"आता कोण घेऊन राहिलं, दादा?" भूमिका म्हणाली.

 मग तो हळू आवाजात म्हणाला, "मशीन उघडू नका. फक्त बाहेरचा अँटेना काढा. आणि खरा अलार्म देऊन पाहिल्याशिवाय भरवसा ठेवू नका."

वायर टाकायला एक सकाळ लागली. वरच्या खोलीतून खिडकीच्या चौकटीतून बाहेर, भिंतीला धरून खाली, शटरच्या वरच्या फटीतून दुकानात. जोडल्यावर खालच्या डब्यावर हिरवा दिवा लागला. जयवंताने तो पाहिला आणि तोंड फिरवलं.

"हिरव्याचं मले सांगू नोको," ती म्हणाली.

"म्हणूनच तपासावं लागते, आई. नळी काढूनच."

"येडी झाली का वं?"

"तू हाताने श्वास देशील. अंबू बॅग आहे न आपल्याकडे." हाताने दाबायचा तो रबरी फुगा वीज गेल्यावर वापरायचा म्हणून दवाखान्याने शिकवून दिला होता. "तू वर राहा, मी खाली. बाजार भरला की करायचं. सगळ्यात जास्त गर्दीत चाललं तरच खरं."

"त्या दिवशी काय झालं ते पाहिलं न तू? पुन्हा त्यांची नळी मी माझ्या हातानं काढू?" जयवंता पलंगाच्या आणि भूमिकाच्या मध्ये उभी राहिली. "मले नाही जमत. मी बसते इथं. जन्मभर बसते."

भूमिकाने आईच्या खांद्यावरून बाबांकडे पाहिलं. "बाबा, तुम्हीच सांगा."

धर्मेंद्रच्या कपाळावर घाम आला होता. तो भ्यायला होता, हे दोघींनाही दिसत होतं. त्याने एकदा जयवंताकडे पाहिलं. मग नजर वर नेली. हो.

संध्याकाळी बाजार फुलला. शोरूमसमोर गाड्यांची रांग लागली, कोचिंगची मुलं त्यांच्या जिन्यावर जमली. भूमिका शटर अर्धं वर करून खाली डब्यासमोर बसली आणि ओरडली, "काढ!"

वर जयवंताने नळी काढली आणि फुगा गळ्याला लावला. तिने दाबला, छाती वर आली. सोडला, खाली गेली. शेजारी व्हेंटिलेटर जिवाच्या आकांताने किंचाळायला लागलं.

खाली डबा गप्प होता. हिरवा दिवा थरथरला, विझला, पुन्हा लागला. बाकी काही नाही.

"नाही आलं!" भूमिकाचा आवाज जिन्यातून वर आला. "लावू नको अजून. थांब!"

तिने जोड आवळले. वायर काढून पुन्हा बसवली. काही नाही. वरचं किंचाळणं तिला जिन्यातून अस्पष्ट ऐकू येत होतं, आणि हातातला डबा मात्र मुका.  आईचं खरं असावं असं तिला वाटलं. बाबांना आपण उगाच यात ओढलं. घर बदलावं, गावी जावं, कुठेतरी जिथे हवेत काहीच नाही. पण गावी वीज दर दुपारी जाते. तिने डबा मांडीवर आपटला आणि रडायला लागली. रडत रडतच तिने वायरीकडे पाहिलं. मधोमध एकच पितळी तुकडा होता. वायर लांब आहे, वाटेत सिग्नल आपसूक कमी होईल, असं समजून दुसरा तिने खिशातच ठेवला होता.

वर जयवंताची बोटं वळायला लागली होती. दाबायचं, सोडायचं. हात थांबवता येत नव्हता. मशीनच्या किंचाळण्यात तिला स्वतःचाही श्वास ऐकू येत नव्हता. धर्मेंद्र तिच्याकडे पाहत होता आणि तीही त्याच्याकडे. इतक्या जवळून, इतका वेळ, तिने त्याच्याकडे आजारपणात पाहिलंच नव्हतं. ती नळी पाहायची, दिवे पाहायची, आकडे पाहायची. त्याच्या डाव्या भुवईत पांढरा केस आला होता.

"होते जी," ती म्हणाली. "मी देऊन राहिली न. घ्या. घ्या."

खाली भूमिकाने दुसरा तुकडा बसवला. आटे एकदा चुकले, पुन्हा लावले.

डबा किंचाळला.

इतक्या जोरात, की समोरून जाणारी बाई दचकून थांबली. भूमिका ओरडत जिना चढली, "लाव, आई, लाव!" जयवंताने नळी जोडली, व्हेंटिलेटर शांत झालं. खालून डब्याचा आवाज तेवढा येत राहिला. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. जयवंताला मुठी उघडता येत नव्हत्या. भूमिकाने तिची बोटं एकेक करून सरळ केली.

पण दुकान त्यानंतरही उघडलं नाही. वायर चालत होती, जयवंताचं मन चालत नव्हतं. खाली उतरली की ती अर्ध्या जिन्यात थांबायची आणि परत फिरायची. भूमिकाने रोज बाजारवेळेला अलार्म देऊन दाखवला. एकदाही चुकला नाही. 'संपर्क तुटला' असा ओरडाही पुन्हा आला नाही. तरी जयवंता म्हणायची, "उद्या पाहू."

शेवटी धर्मेंद्रनेच शीट मागितली. "दु. का. न," भूमिकाने वाचलं. "उ. घ. ड." आणि जयवंता काही बोलण्याआधीच त्याने डोळे घट्ट मिटून घेतले, म्हणजे तिचं उत्तर त्याला ऐकायचंच नव्हतं. भूमिकाला हसू आलं. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं.

शटर वर गेलं. जयवंताची पहिली शिलाई वाकडी आली, उसवून पुन्हा घातली.

खरी वेळ उन्हाळ्याच्या तोंडाशी आली. दुपारी गल्लीतून वरात चालली होती. ढोल, ताशे, डीजे. शिलाई मशीनचा आवाज जयवंताला स्वतःलाही ऐकू येत नव्हता. तेवढ्यात डबा वाजला. गिऱ्हाइकाच्या अंगावर लावलेला मापाचा टेप तिने तसाच सोडला. वर कफ अडकून धर्मेंद्रचा श्वास कोंडला होता. तिने शिकवल्याप्रमाणे नळी साफ केली, पुन्हा जोडली, छाती हलताना पाहिली. त्याचे ओठ निळे पडले नव्हते. ती खाली बसली आणि पलंगाच्या कडेला डोकं टेकून हमसून रडली. वरात निघून गेली तरी रडत होती.

अंकित महिन्याच्या तपासणीला आला तेव्हा त्याने भिंतीवरून गेलेली काळी वायर पाहिली. जयवंता दारात आडवी उभी राहिली. "हे काढायचं म्हणाल तर मी आत येऊ देणार नाही," ती म्हणाली. त्याने चपला काढल्या. आत येऊन त्याने दोन्हीकडचे जोड हाताने तपासले, एक सैल होता तो पाना लावून घट्ट केला, खिडकीतून पाणी शिरू नये म्हणून वायरीला खाली झोळ द्यायला सांगितला आणि चहा घेऊन गेला.

आजार थांबलेला नाही. धर्मेंद्रच्या डोळ्यांचीही हालचाल आता हळू झाली आहे, एका शब्दाला पूर्वीपेक्षा खूप वेळ लागतो. पुढे काय होणार हे तिघांनाही माहीत आहे, आणि त्याबद्दल ते फार बोलत नाहीत.

परवा भर दुपारी जयवंता काम ठेवून वर आली. हातात चहाचा कप होता. धर्मेंद्रने घाबरून आधी नळीकडे पाहिलं, मग व्हेंटिलेटरकडे, मग तिच्याकडे.

"काही नाही वाजलं," ती म्हणाली. पलंगाजवळ स्टूल ओढून बसली आणि चहाचा घोट घेतला. "अशीच आली."